ग्लेन गूल्ड यांचा मोझार्ट: ऐकणाऱ्यांचे प्रश्न

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) यांनी १९६५ ते १९७४ या काळात मोझार्टच्या सगळ्या पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या, काही भागांत विभागलेल्या रचना) कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. गेल्या अंकात त्या संचाची ओळख करून दिली होती. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. कुणाला हे वादन सहन होत नाही, तर कुणाला ते ऐकल्यापासून दुसऱ्या कुणाचा मोझार्ट ऐकवत नाही. पत्रं लावून पाहिली तेव्हा दिसलं की निम्मे वाद गूल्ड यांच्याबद्दल नाहीतच. ते यंत्राबद्दल, पट्टीबद्दल, पियानोच्या जातीबद्दल आहेत. ते वेगळे काढले की उरतो तो खरा वाद, आणि तो घालण्यासारखा आहे.

प्रश्न : आम्ही सहा-सात जण रविवारी एकत्र बसून ऐकतो. के. ३३१ (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) सुरू झाल्या झाल्या आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ह्येका मोझार्ट कोण म्हणतलो?" दुसऱ्या बाजूचं म्हणणं, यातला एकेक स्वर आज पहिल्यांदा नीट ऐकला. बरोबर कोण? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी नोटेशनमध्ये काय आहे ते पाहू. ही सोनाटा ए मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहामध्ये आहे. ती १७८४ मध्ये व्हिएन्नात छापली गेली. पहिला भाग म्हणजे अठरा बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एक धून आणि तिचे सहा विस्तार. ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. दादरा मोजता येतो त्याला हा मोजता येईल. वेगाची सूचना 'आंदान्ते ग्रात्सिओसो', म्हणजे चालत्या गतीने आणि लालित्याने. पाचव्या विस्तारावर 'अडाजिओ' म्हणजे संथ, आणि सहाव्यावर 'अलेग्रो' म्हणजे जलद असं लिहिलेलं आहे. मोझार्ट १७९१ मध्ये गेला आणि मेट्रोनोमचं पेटंट १८१५ चं, तेव्हा मिनिटाला किती मात्रा हे त्याने लिहून ठेवणं शक्यच नव्हतं. संथ म्हणजे किती संथ, हे वादकालाच ठरवावं लागतं.

गूल्ड मूळ धून अतिशय संथ वाजवतात आणि स्वर एकमेकांपासून तोडतात. मग प्रत्येक विस्तारात वेग थोडा थोडा वाढवत नेतात. त्यामागचा विचार त्यांनी मुलाखतीत मांडला आहे: धून आधी सुटी करून तिचे तुकडे दाखवायचे आणि पुढच्या प्रत्येक विस्तारात ते तुकडे पुन्हा जुळवत न्यायचे. वेगाची ही चढण मध्येच मोडू नये म्हणून पाचव्या विस्तारावरचा 'अडाजिओ' त्यांनी सरळ बाजूला ठेवला.

म्हणून "वेग चुकला" असं म्हणणारे तुमचे ज्येष्ठ नोटेशनच्या बाजूने बरोबर आहेत. पण ती चूक नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. आणि ज्यांना प्रत्येक स्वर ऐकू आला त्यांना तो यायलाच हवा होता, कारण वादकाने तेवढ्यासाठीच धून सुटी केली. आमचं मत असं: चौथ्या विस्तारापर्यंत ही कल्पना पटते आणि ओढून नेते. पाचव्यात मात्र खरं नुकसान होतं. सबंध भागात मोझार्ट तिथेच थांबतो, उजव्या हाताला बारीक अलंकार देतो आणि पियानोला गायला लावतो. ती जागा मधल्या वेगात वाजवली की अलंकार नुसते स्वर भरण्यापुरते उरतात.

शेवटच्या 'आला तुर्का', म्हणजे तुर्की ढंगाच्या, भागात गंमत उलटी आहे. तो सगळीकडे भरधाव वाजवला जातो, म्हणून गूल्ड यांचं वादन अनेकांना रटाळ वाटतं. पण छापील सूचना 'अलेग्रेटो', म्हणजे बेताने जलद, अशी आहे, 'अलेग्रो' नव्हे. डाव्या हाताचा तुर्की बँडचा ठोका नीट पडायचा तर घाई चालत नाही. या भागावर टीका करण्याआधी तुमच्या मंडळींनी सूचनेचा तो शब्द डोळ्यांपुढे ठेवावा.

के. ३१० च्या पहिल्या भागात आम्ही गूल्ड यांच्या बाजूने नाही. ही ए मायनरमधली सोनाटा १७७८ ची, पॅरिसमधली. सूचना 'अलेग्रो माएस्तोसो', म्हणजे जलद पण भारदस्त. गूल्ड यातला जलद घेतात आणि भारदस्त सोडतात. डाव्या हाताच्या एकसारख्या आघातांवर जो ताण चढत जायला हवा, तो एवढ्या वेगात चढायला वेळच मिळत नाही. बोटांची सफाई अफाट आहे, पण इथे काम सफाईचं नाही.

तुमच्या रविवारसाठी एक सुचवतो. के. ३३१ च्या फक्त अठरा बारच्या धुनेवर वाद घाला, सबंध सोनाटेवर नको. तीन ध्वनिमुद्रणं घ्या: गूल्ड यांचं, मित्सुको उचिदा यांचं १९८०च्या दशकातलं, आणि मारिया जुआओ पिरिश यांचं. वादकाचं नाव न सांगता एकाने लावावं, बाकीच्यांनी यंत्राकडे पाठ करून बसावं. आवाज तिन्हींचा सारखा हवा. किंचित मोठा लागलेला तुकडा माणसाला "जास्त जिवंत" वाटतो आणि निकाल तिथेच फिरतो. मोबाईलवरचं आवाज मोजणारं ॲप तुम्ही बसता त्या जागी ठेवा, धुनेचा सरासरी आकडा पाहा आणि एका डेसिबलच्या आत जुळवा. वेग मोजायला घड्याळ लावून ३० सेकंदांत किती बार झाले ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. मिनिटाला किती मात्रा ते मिळेल. दहा बार झाले तर वेग १२० मात्रा. हा आकडा कागदावर आला की "संथ" आणि "फार संथ" यावरचं निम्मं भांडण मिटतं. मग प्रत्येकाने स्वर जोडलेत की तोडलेत, डावा हात उजव्याच्या मागे राहतो की बरोबरीने येतो, आणि आठव्या बारशी वाक्य संपताना वादक श्वास घेतो का, एवढं तीन ओळींत लिहावं. मत त्यानंतर.

आणि गूल्ड आवडत नाहीत असं ठरवण्याआधी के. २७९ ते २८४ या पहिल्या सहा सोनाटा ऐका. त्यांना स्वतःला उत्तरकाळचा मोझार्ट फारसा पटत नव्हता आणि ते तसं उघड बोलत. या सुरुवातीच्या सहांवर मात्र त्यांचं प्रेम होतं, आणि वादनात ते कळतं.

प्रश्न : वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी अमेरिकेहून आणलेला रेकॉर्ड प्लेअर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून वापरतो. गूल्ड यांचा के. ३३१ माझ्याकडे भयंकर संथ आणि खाली वाजतो. पुण्याचा भाऊ म्हणतो, संथ आहे, पण खाली कुठे आहे? – एक वाचक, राजापूर

उत्तर : भावाचं खरं आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, विजेची फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. त्या काळच्या पुष्कळ प्लेअरमध्ये सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग थेट फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तुमची ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड त्यामुळे मिनिटाला सुमारे २७.८ फेरेच घेते आहे. वेग सहाव्या हिश्श्याने कमी, आणि पट्टी तीन अर्धस्वरांहून (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) थोडी जास्त खाली. गूल्ड यांची संथ धून आणखी संथ होते आणि पांढरी सहाची सोनाटा काळी तीनवर येते.

पडताळणी पेटीवर करा. धुनेत उजव्या हाताचा पहिला स्वर काळी एक आहे. तुमच्याकडे तो काळी पाच ऐकू आला तर दोष हाच. पेटी थोडी उतरलेली असली तरी तीन अर्धस्वरांचा फरक लपत नाही. दुसरी पडताळणी घड्याळावर: रेकॉर्डच्या कडेला कागदाचा बारीक कपटा ठेवा, सुई न टेकवता प्लेअर चालू करा आणि तीन मिनिटांत फेरे मोजा. बरोबर वेगाला नेमके १०० भरतात, तुमच्याकडे ८३ च्या आसपास भरतील.

उपाय तीन. मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झसाठीची बसवायची. तिचा व्यास जुन्या पुलीच्या १.२ पट असतो, आणि अनेक कंपन्यांनी एकाच मॉडेलसाठी दोन्ही पुल्या काढल्या होत्या. नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून पितळी पुली कातून घ्यायची, पण ती मधोमध बसली पाहिजे. जरा हलली की प्रत्येक स्वर लहरतो, आणि पियानोत ते इतर कुठल्याही वाद्यापेक्षा आधी कळतं, कारण वाजलेला स्वर तिथे एका जागी स्थिर राहायला हवा असतो. तिसरा मार्ग ६० हर्ट्झ देणाऱ्या शुद्ध साइन-वेव्ह कन्व्हर्टरचा. मोटरला वीज फार थोडी लागते, लहान कन्व्हर्टर पुरतो. पुलीवर चिकटपट्टी गुंडाळून व्यास वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपल्या उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि बेल्ट घसरतो.

प्लेअरमध्ये डीसी मोटर असेल तर फ्रिक्वेन्सीचा संबंध नाही. बहुधा खालच्या बाजूला वेगाचा स्क्रू असतो, तो फिरवून १०० फेरे जुळवा.

याच ओघात, पावसाळ्यात वीज गेल्यावर जनरेटरवर रेकॉर्ड लावणाऱ्यांसाठी: जनरेटर ५२ हर्ट्झवर पळत असेल तर सिंक्रोनस मोटरचा प्लेअर चार टक्के जलद चालतो आणि पट्टी अर्धस्वराच्या दोन तृतीयांश इतकी चढते. वेग तपासायच्या रेषा असलेल्या स्ट्रोब चकतीवर विसंबू नका. तिच्यावर पडणारा दिवाही त्याच जनरेटरवर असेल तर रेषा स्थिर दिसतात आणि वेग चुकलेलाच राहतो. घड्याळ वापरा.

प्रश्न : मुलाने फोनवर याच सोनाटांचं जुन्या पियानोवरचं वादन ऐकवलं. टिणटिण वाजतं आणि सुरातही वाटत नाही. लोक याला जास्त खरं का म्हणतात? – एक वाचिका, देवगड

उत्तर : ते वाद्य फोर्टेपियानो. मोझार्टकडे व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टर यांनी बनवलेलं होतं. सांगाडा लाकडी, तारा बारीक, हातोड्या लहान आणि चामडं लावलेल्या, पल्ला साधारण पाच सप्तकांचा. आजच्या पियानोत ओतीव लोखंडाची चौकट, जाड तारा, नमद्याच्या हातोड्या आणि ८८ पट्ट्या असतात. जुन्या वाद्यात स्वर लवकर उमटतो आणि लवकर विझतो. म्हणून डाव्या हाताची ती सतत फिरणारी साथ, जिला अल्बर्टी बास म्हणतात, तिथे कितीही भरली तरी उजव्या हाताला झाकत नाही. आजच्या पियानोवर तीच साथ दाट होते, आणि वादकाला डावा हात मुद्दाम हलका ठेवावा लागतो. उचिदा यांच्या वादनावर "फार नाजूक" आणि "अगदी नेमकं" अशी दोन्ही मतं येतात ती याच कामावरून. गूल्ड हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवतात: स्वर लांबवणारं पेडल जवळजवळ नाही, स्वर तोडलेले, आणि डावा हात पुढे आणलेला. म्हणून त्यांचा आधुनिक पियानोही कोरडा वाटतो.

सुराबद्दल: जुन्या वाद्यांची ध्वनिमुद्रणं बहुधा ए = ४३० हर्ट्झला लावलेली असतात, आजचं प्रमाण ४४०. फरक अर्धस्वराच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी, सुमारे ४० सेंट (अर्धस्वराचे १०० सेंट). घरात पेटी किंवा कीबोर्ड रोज वाजत असेल तर कान त्याच पट्टीला बसलेला असतो आणि हे वादन बेसूर भासतं. दहा मिनिटं दुसरं काही न ऐकता ऐका, कान जुळतो. सुरुवात रोनाल्ड ब्राउटिगाम किंवा माल्कम बिल्सन यांच्यापासून करा, आणि फोनच्या स्पीकरवर नको. त्या बारीक आवाजातला मधला भाग फोन खातो आणि टिणटिण तेवढी उरते.

प्रश्न : गूल्ड वाजवताना गुणगुणतात, खुर्चीही कुरकुरते. रेकॉर्ड खराब आहे का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. आवाज त्यांचाच. ते आयुष्यभर वडिलांनी बुटकी करून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर बसून वाजवत, आणि मायक्रोफोन वाद्याच्या जवळ असत. हेडफोनवर हे जास्त ऐकू येतं. त्रास होत असेल तर खोलीतल्या स्पीकरवर, सात-आठ फुटांवरून ऐका.

प्रश्न : एकाच सोनाटेची लांबी वेगवेगळ्या सीडींवर इतकी वेगळी कशी? ज्याने कमी वेळात संपवली त्याने काही गाळलं का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : बहुतेक वेळा पुनरावृत्ती गाळलेली असते. मोझार्टने बहुतेक भागांत अर्धा किंवा सगळा मजकूर दोनदा वाजवायची खूण केली आहे. के. ३३१ ची धूनच अठरा बारची, पुनरावृत्तीसह छत्तीस. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटंच मावत, म्हणून जुन्या काळी या खुणा सर्रास सोडल्या जात. केवळ मिनिटं पाहून वेगाचा निकाल देऊ नका. आमच्या मते पहिल्या अर्ध्याची पुनरावृत्ती घ्यावीच, कारण पुढे धून बदलते तेव्हा मूळ काय होतं हे श्रोत्याच्या कानात पक्कं बसलेलं असावं लागतं.

प्रश्न : काकांच्या एलपींना बुरशी आली आहे. पियानोच्या हळू जागी इतकी चरचर होते की मत काय बनवणार? धुवायच्या कशा? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी एलपी आहे की जुनी ७८ फेऱ्यांची लाखेची रेकॉर्ड, ते पाहा. लाखेला अल्कोहोल लागला की पृष्ठभाग विरघळतो, रेकॉर्ड संपली. खालची कृती फक्त व्हायनल एलपीसाठी.

काम घराबाहेर, नाक-तोंड बांधून करा. बुरशीचे कण घरात उडाले की बाकीच्या रेकॉर्डवर बसतात. कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी खोबणीच्या दिशेने, म्हणजे गोल गोल झाडा. आडवा ब्रश कधीच नको. मग ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब असं मिश्रण करा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार खोबणीत वाळतात आणि नवी चरचर सुरू होते. मधलं लेबल प्लास्टिकच्या झाकणाने दाबून कोरडं ठेवा. मिश्रण पसरा, दोन मिनिटं थांबा, मायक्रोफायबर कापडाने गोल दिशेने पुसा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. लिक्विडचा अंश राहिला तर तो सुईवर जमतो. सावलीत, वाऱ्यावर, उभी ठेवून किमान दोन तास वाळवा. उन्हात नको, वाकेल. जुनं आतलं पाकीट फेकून पॉलिथिनचं नवं घाला, पीव्हीसीचं नको.

वाळल्यावर ऐका. दर १.८ सेकंदांनी एकच टकटक येत असेल तर तो चरा आहे, कारण ३३⅓ च्या वेगाला एक फेरा तेवढाच असतो. तो धुऊन जात नाही. सलग चरचर दोनदा धुऊनही राहिली तर बुरशीने खोबणी खाल्ली आहे. अशा रेकॉर्डवर वादकाच्या स्पर्शाबद्दल मत देऊ नका. बाजूच्या शेवटच्या पाच-सात मिनिटांबद्दलही जपून बोला. आतल्या खोबणीत सुईला एका फेऱ्यात कमी अंतर मिळतं, आवाज फाटण्याचा धोका तिथे जास्त, आणि सोनाटेचा जोरकस शेवट नेमका तिथेच येतो. तो वादकाचा कर्कशपणा समजला जातो.

ठेवताना रेकॉर्ड उभ्या ठेवा. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसात भिंत आतून ओल धरते. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.

प्रश्न : पत्र्याच्या घरात पावसाळ्यात हळू जागा ऐकूच येत नाहीत. – एक वाचिका, गुहागर

उत्तर : आवाज वाढवून उपयोग नाही, जोरकस जागा कानठळ्या बसवतील. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. ॲपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग बंद ठेवा किंवा अल्बमनुसार ठेवा. गाण्यागणिक ठेवलं तर हळुवार मधला भाग आणि जोरकस शेवट एकाच मापात येतात, आणि मोझार्टने लिहिलेला फरक पुसला जातो. एका भागातून दुसऱ्यात मिसळत जाण्याचं सेटिंगही बंदच हवं.

प्रश्न : नोटेशन पाहत ऐकायचं आहे. कुठली प्रत घ्यावी? – एक वाचक, मालवण

उत्तर : जुन्या स्वस्त प्रतींत संपादकांनी स्वतःच्या जोड-तोडीच्या खुणा आणि वेग घातलेले असतात. त्या पाहून गूल्ड यांना दोष द्याल, आणि ती खूण मोझार्टची नसेलच. 'उरटेक्स्ट', म्हणजे संपादकाची भर नसलेला मूळ मजकूर, असं लिहिलेली प्रत घ्या, हेन्ले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची. साल्झबुर्गच्या मोझार्टेउम संस्थेने सगळं साहित्य इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे, त्यातून के. ३३१ ची पानं छापून घेता येतात. मात्र या सोनाटेच्या मोझार्टच्या हस्ताक्षरातली चार पानं २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, आणि त्यातले काही स्वर व खुणा आधीच्या छापील प्रतींपेक्षा वेगळ्या आहेत. त्यानंतर सुधारलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. नव्या ध्वनिमुद्रणात एखादा स्वर "चुकीचा" वाटला, तर आधी ती पानं पाहा आणि मग वादकाला धरा.